दाढीचं मशीन बदलताय? आधी हेड बघा

आमच्या सेक्टरमधल्या एका शेजाऱ्यांनी गेल्या महिन्यात दाढीचं मशीन कचऱ्यात टाकलं. "ओढतंय हो आता, केस उपटल्यासारखं होतं," म्हणाले. मी ते मागून घेतलं. हेड उघडलं तर आत केसांचा आणि साबणाचा थर ओल्या पिठासारखा चिकटून बसलेला. जुन्या टूथब्रशने झाडलं, कोमट पाण्याखाली धरलं, वाळवलं, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब दिला. मशीन पहिल्यासारखं चालू लागलं. पण तोवर त्यांच्या घरी नवीन मशीन येऊन पडलं होतं, तेही मुलाने मोबाईलवर फोटो बघून मागवलेलं. डबा उघडल्यावर कळलं की तो ट्रिमर आहे, शेव्हर नाही.

मी भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होतो. मोटर जळाली असं कोणी सांगितलं की आधी फ्यूज बघायचा, मग वायर, मग कार्बन ब्रश, आणि शेवटी मोटर, हे आमच्या अंगात मुरलेलं. तीच सवय दाढीच्या मशीनलाही लावा, एवढंच सांगायला बसलोय.

त्याला कारणही आहे. माझे वडील वर्ध्याहून भिलाईला आले ते कारखाना उभा राहत असताना. रशियाशी करार झाला १९५५ च्या फेब्रुवारीत, आणि ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते पहिल्या ब्लास्ट फर्नेसचं उद्घाटन झालं. परत जाणाऱ्या एका रशियन इंजिनिअरकडून वडिलांनी दाढीचं मशीन घेतलं होतं. वजनदार, वायरवर चालणारं, अंगावर १२७ आणि २२० व्होल्टचा खटका. तिकडे तेव्हा दोन्ही दाब चालत. वडिलांनी २२० वर करून खटक्यावर नेलपॉलिशचा थेंब टाकला, म्हणजे कोणाचा हात लागून १२७ वर गेला आणि मशीन जळालं असं व्हायला नको. ते मशीन वर्षानुवर्षं चाललं. मोटर शेवटपर्यंत ठणठणीत. गेली ती फक्त पाती, आणि पाती द्यायला इथे कोणी उरलं नव्हतं. चांगलं लोखंड, चांगली मोटर, आणि चार ग्रॅमच्या पात्यांपायी सगळं कपाटात.

म्हणून माझा पहिला प्रश्न "कोणतं मशीन घेऊ" हा नसतोच. याचं हेड दुर्ग-भिलाई-रायपुरात मिळतं का, आणि तीन वर्षांनीही मिळेल का, हे मी आधी विचारतो.

जुनं मशीन हातात घ्या. ओढत असेल, एकाच जागी चार-पाच वेळा फिरवावं लागत असेल, हेड गरम होत असेल, मान लाल पडत असेल, तर नव्वद टक्के दोष हेडचा किंवा घाणीचा. साफ करूनही सुधारलं नाही तर हेड झिजलंय. कंपन्या स्वतःच सांगतात की फिरत्या चकत्यांचं हेड साधारण दोन वर्षांनी आणि जाळीचं हेड दीडेक वर्षांनी बदलावं. आपण सात-सात वर्षं तेच वापरतो आणि दोष मशीनला देतो. जाळी दिव्यासमोर धरून बघा. तिला चीर किंवा मोठं भोक दिसलं तर त्या दिवसापासून ते मशीन गालाला लावू नका. ती जाळी कागदाहून पातळ असते, फाटलेली कड ब्लेडसारखीच कापते.

हेडवर किंवा माहितीपत्रकात एक नंबर असतो. फिलिप्सच्या साध्या मालिकांना एसएच ३०, वरच्यांना एसएच ५० किंवा एसएच ७१. ब्राउनच्या मशीनांना ३२ बी, ५२ बी असे. दुकानदाराला मशीनचं नाव सांगू नका, हा नंबर सांगा, नाहीतर जुनं हेडच सोबत न्या. चकत्यांचं मशीन साफ करताना मात्र एक काळजी घ्या. प्रत्येक कटर आपल्या वरच्या जाळीदार टोपीशी घासून घासून जुळलेला असतो. तिन्ही एकदम काढून वाटीत टाकले आणि अदलाबदल झाली, की मशीन काही आठवडे नीट कापत नाही. एक काढा, धुवा, बसवा, मग दुसरा.

हेड ठीक आणि मशीन मात्र दोन मिनिटांत दम टाकतं, तर बॅटरी गेली. वायर लावून चालणारं मशीन असेल तर वायरवर जोरात आणि बॅटरीवर मलूल, ही खूण. इथे हात आखडा. जुन्या मशीनमध्ये १.२ व्होल्टचा निकेलचा सेल असतो, नव्यात सुमारे ३.६ व्होल्टचा लिथियमचा. एकाच्या जागी दुसरा बसत नाही, बसवला तरी चार्जर वेगळा लागतो. मोबाईल दुरुस्तीवाला "लावून देतो" म्हणतो आणि लिथियमच्या सेलवर सरळ कावीया ठेवतो. सेलला पट्ट्या आधीच जोडलेल्या हव्यात, गरम टोक थेट सेलला लावणं धोक्याचं. शिवाय पाण्याखाली धुता येणारं मशीन एकदा उघडलं की त्याची रबरी सील पूर्वीसारखी बसेल याची खात्री नाही. पाच वर्षांवरच्या मशीनची बॅटरी गेली असेल तर मी स्वतः दुरुस्तीच्या भानगडीत पडत नाही. तिथे नवं घ्यावं.

आता नव्याकडे.

दुकानात जाण्याआधी ट्रिमर आणि शेव्हर यांतला फरक डोक्यात पक्का करा. ट्रिमर खुंट ठेवतो. शेव्हर कातडीलगत कापतो. हल्ली पोरांना खुंटच हवे असतात, म्हणून दुकानाच्या काचेत सगळीकडे ट्रिमर, आणि विक्रेता दोन्हीला "दाढीची मशीन"च म्हणतो. "वन" असं काही नाव असलेली मधली जात हाती देतात, तीही खुंट पूर्ण काढत नाही. तुम्हाला हात फिरवल्यावर गाल गुळगुळीत लागायला हवा असेल तर स्पष्ट सांगा.

शेव्हरची घराणी दोन. अमेरिकेतल्या जेकब शिकने १९३१ मध्ये इलेक्ट्रिक शेव्हर बाजारात आणला. हॉलंडमध्ये फिलिप्सच्या अलेक्झांडर होरोविट्झने गोल फिरणाऱ्या पात्याचा रस्ता धरला, तो १९३९ मध्ये आला. जर्मनीच्या ब्राउनने १९५० मध्ये पातळ जाळीखाली पुढे-मागे हलणारं पातं दिलं. आजही निवड याच दोनांतली, चकती की जाळी.

रोज सकाळी दाढी करणाऱ्याने जाळी घ्यावी. सरळ, छोट्या हातांनी, केसांच्या उलट दिशेने फिरवायची. कल्ल्यांची आणि मिशीची कड सुबक येते. दोन-तीन दिवसांनी एकदा करणाऱ्याने, किंवा ज्याच्या मानेवरचे केस भोवऱ्यासारखे चारी दिशांना उगवतात त्याने चकती घ्यावी. तिला लांब खुंट पकडता येतात, आणि ती गोल फिरवायची असते. चकतीचं मशीन जाळीसारखं वर-खाली ओढणारे अर्धे लोक मी पाहिलेत, आणि तेच "हे मशीन बेकार" म्हणतात. पहिले दोन-तीन आठवडे दोन्हीकडे कातडी थोडी लाल होते. ब्लेडची सवय असलेल्या कातडीला तेवढा वेळ द्या. त्या दिवसांत मध्येच ब्लेड घेतलं की हिशोब पुन्हा पहिल्यापासून.

आपल्या भिलाईत पावसाळ्यात चेहरा सतत चिकट असतो, मशीन घसरत नाही, अडकतं. आंघोळीआधी चेहरा कोरडा पुसून थोडी टाल्कम पावडर लावा, मग बघा. फेस लावून करायची सवय असेल तर ओलं-कोरडं दोन्ही चालणारं घ्या. खोक्यावर आयपीएक्स ७ लिहिलेलं असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतं असा त्याचा अर्थ. अशी बरीच मशीनं वायर लावलेली असताना मुद्दामच चालत नाहीत, करंटच्या भीतीने तशी बनवलेली असतात. पहाटे साडेचारला उठून फर्स्ट शिफ्टला निघायचं आणि मशीन रात्री चार्जिंगला लावायचं विसरलो, तर मग ब्लेडच. ज्यांना हा विसराळूपणा आहे त्यांनी पाच मिनिटांच्या चार्जिंगवर एक दाढी होईल असं लिहिलेलं मशीन पाहावं.

शिफ्टवाल्यांना आणखी एक. कोक ओव्हन किंवा ब्लास्ट फर्नेसच्या गॅस भागात काम असेल तर खुंट वाढू देऊ नका. कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही, आणि श्वसनयंत्राची रबरी कड दाढीच्या खुंटांवर नीट बसत नाही. तिथे ट्रिमर कामाचा नाही.

मे महिन्यात मशीन स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, डिकी त्याहून तापते. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये. कूलरच्या खोलीत, रात्री चार्ज करा. मुलगा अमेरिकेहून मशीन घेऊन येणार असेल तर त्याला अॅडॉप्टरवरचं बारीक अक्षर वाचायला सांगा. १००-२४० व्होल्ट असेल तर आणू दे. नुसतं १२० असेल तर तिथेच ठेव म्हणावं. आणि हेड? तेही त्यालाच दर दोन वर्षांनी आणायला सांगणार का?

खरेदी कुठे करायची हा वाद मी घालत नाही. सिव्हिक सेंटर, सुपेल्याचं आकाशगंगा, दुर्गचं इंदिरा मार्केट, की मोबाईल, तुमची मर्जी. पण खोक्यावर छापील किंमत, बनवल्याचा महिना आणि वर्ष, कोणत्या देशात बनलं, आणि परदेशी असेल तर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता हवा. कायद्यानेच हवा. रविवारी सुपेल्याच्या बाजारात कापडावर मांडलेल्या खोक्यांवर मोठं नाव दिसलं तरी हा मजकूर शोधा, नसेल तर पुढे चला. हेडच्या बाबतीत नकली माल जास्त येतो, कारण हेड लहान आणि महाग. पक्कं बिल घ्या, वॉरंटी कार्डवर दुकानाचा शिक्का मारून घ्या. दुकानदार फिरवाफिरव करू लागला तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर आहे.

महाग घ्यावं का? माझं मत, मधलं घ्या. सगळ्यात स्वस्त मशीनचं हेड बदलायला गेलात तर थोडे पैसे टाकून नवंच येतं, म्हणजे दर दोन वर्षांनी कचरा. सगळ्यात महागात डिस्प्ले, ब्लूटूथ, स्वतः धुणारा डबा, आणि त्या डब्यात टाकायच्या औषधाच्या बाटल्यांचा कायमचा खर्च. नळ आणि तेलाचा थेंब पुरतो. मोठ्या आवाजात सांगतात ती कल्ल्यांची छोटी कैची मात्र हवीच, ती नसलेलं मशीन घेऊ नका.

एका घरात एकच मशीन बाप-लेकाने वापरायचं नाही. बारीक कापल्यावरचं रक्त दिसत नाही, पण असतं.

ज्यांच्या घरी रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असलेले, मधुमेहाचे किंवा हात थरथरणारे वडील आहेत, त्यांच्यासाठी मात्र किमतीचा विचार जरा बाजूला ठेवा. ब्लेडचा एक काप अशा माणसाला भारी पडतो. हलकं, पकडायला जाड, एकाच मोठ्या बटणाचं मशीन निवडा, दुकानात त्यांच्याच हातात देऊन बघा. माझ्या वडिलांची शेवटची दोन वर्षं मीच त्यांची दाढी करायचो. त्यांना पाठ टेकवून बसवायचं, उजेड समोरून, डाव्या हाताच्या दोन बोटांनी सैल कातडी वर ताणायची, आणि मशीन दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं. आधी गाल, हनुवटी शेवटी. तिथपर्यंत हेड तापलेलं असतं, म्हणून ते मध्ये एकदा मनगटाला लावून बघायचं. मशीन गळ्याजवळ आलं की वडील हात वर करायचे, थांब म्हणून, आणि थुंकी गिळून मान मागे टाकायचे.