कुऱ्हाड नको, ओळख हवी

येऊरच्या पायथ्याशी किंवा कल्याण-डोंबिवलीच्या वेशीवर नवी वसाहत उभी राहिली की सोसायटीच्या सभेत एक मागणी होतेच: मागचं रान साफ करा, विषारी झाडं आहेत, मुलं खेळतात. यातली काळजी खरी आहे आणि विषही खरं आहे. धोतऱ्याच्या बिया पोटात गेल्या की तोंड कोरडं पडतं, बाहुल्या विस्फारतात, माणूस बरळू लागतो. कळलावीचा कंद रताळं समजून खाल्ला तर जिवावरच बेततं.

पण रान साफ केलं की मुलं सुरक्षित झाली, हे मला अजिबात मान्य नाही. फाटकाच्या आत आणि रस्त्याच्या दुभाजकात आपण हौसेनं काय लावलंय? कण्हेर आणि बिट्टी! पाणी कमी लागतं, फुलं भरपूर येतात, गुरं तोंड लावत नाहीत. गुरं तोंड का लावत नाहीत, हे मात्र कुणी विचारत नाही. दोन्हींचं विष थेट हृदयाच्या ठोक्यांवर घाला घालतं. मोगली एरंडही कुंपणालाच लावतात. त्याच्या बिया खाऊन शाळकरी मुलांना उलट्या-जुलाब झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात पुन्हा पुन्हा येतात. बी चवीला बरी लागते, म्हणून मूल एकीवर थांबत नाही.

‘रानातलं ते निर्धोक’ म्हणणारेही तितकेच चुकतात. पावसाच्या तोंडावर मुरबाड-शहापूरकडच्या बायका ठाणे-कल्याणच्या बाजारात शेवळं ही रानभाजी घेऊन बसतात. शेवळं खाजरी, नीट केली नाहीत तर घसा धरतात. म्हणून जुडीसोबत काकडं ही आंबट रानफळं घ्यायची. गिऱ्हाईक नवखं दिसलं, तर आतल्या दांड्याचा पिवळा भाग काढून टाका, काकडांचा रस घालून शिजवा, असं विकणारी बाई बजावून सांगते. रानात जन्म काढलेल्या या बाईनं ना शेवळं उपटून फेकली, ना डोळे मिटून खाल्ली.

हीच समज शहरात यायला हवी. रानभाजी महोत्सवात खायच्या भाज्या मांडतात, तिथेच एका टेबलावर कण्हेर, बिट्टी, धोतरा, गुंज, मोगली एरंड मांडा आणि त्या बायकांनाच मानधन देऊन बोलवा. बागेतल्या बिट्टीला नावाची पाटी लावा. खेळाच्या जागेजवळ ती नव्यानं लावूच नका. आणि मुलानं काही खाल्लंच, तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढत बसू नका. त्या झाडाची फांदी, फळासकट, सोबत घेऊन तडक रुग्णालय गाठा. काय खाल्लं ते डॉक्टरांना कळलं, तर उपचाराची दिशा लवकर ठरते.