नाण्याला चिंच लावू नका

दिवाळीत देव घासायला काढले, की देव्हाऱ्यातली जुनी नाणीही त्याच परातीत पडतात. चिंच, मीठ, राख, नाहीतर पितांबरी. पाच मिनिटांत नाणं लख्ख. तेरच्या आणि तेरणाकाठच्या माझ्या माणसांना हात जोडून सांगणं आहे : देव घासा, तांब्या-कळशी घासा, नाणं तेवढं बाजूला ठेवा.

आमच्या देव्हाऱ्यात एक शिवराई होती. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. आजीनं घासली, आईनं घासली, दोन-तीन दिवाळ्या मीही घासली. आज बोट फिरवलं तर ‘छत्र’ एवढंच लागतं. बाकी गुळगुळीत तांबं. कुणाचाच हेतू वाईट नव्हता, म्हणून जास्त जीव तुटतो.

तांब्याचं किंवा काशाचं नाणं शेकडो वर्षं मातीत पडून राहिलं, की वरचा धातूच हिरव्या-तपकिरी थरात बदलतो. अक्षरं, हत्तीची सोंड हे सगळं त्या थरातच असतं. आपण मळ समजून थर काढतो आणि नाण्याचा चेहराच खरवडतो. चिंचेचं आम्ल थर विरघळवतं. मीठ त्याहून वाईट. त्यातलं क्लोराईड बारीक छिद्रांत दडून राहतं आणि पावसाळी ओल मिळाली की आतून धातू खात सुटतं. घट्ट, गुळगुळीत हिरवेपणाला भिऊ नका. फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी दिसली तर मात्र नाणं आजारी आहे. ते लगेच इतरांपासून वेगळं करा, सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या कोरड्या डबीत ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

मातीच काढायची असेल, तर डिस्टिल्ड पाणी आणा. बॅटरीत घालायला गॅरेजवर मिळतं. ॲसिड नव्हे, बाटलीवरचं नाव वाचून घ्या. काचेच्या वाटीत नाणं बुडवा, पाणी रोज बदला. आठ दिवस लागोत की पंधरा. मऊ झालेली माती मऊ कुंचल्यानं किंवा दात कोरायच्या लाकडी काडीनं हळूच सोडवा. सुई नको, तारेचा ब्रश नको. हिरवा थर लागला की हात थांबवा. मग सुती कापडानं टिपून पूर्ण वाळू द्या. धरताना कडेनं धरा, कारण घामातही मीठ असतं. ठेवायला कागदी पाकीट बरं; मऊ पीव्हीसीच्या पाकिटातून कालांतरानं आम्ल सुटतं.

एक धोका इथं खास. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात इथून भडोच बंदराकडे कापड जात असल्याची नोंद आहे. त्या काळच्या सातवाहनांची पुष्कळ नाणी शिशाची आहेत. करडं, आकाराच्या मानानं जड, वर पांढरी भुकटी, असं नाणं असेल तर ते पाण्यातही घालू नका आणि कोरडंही घासू नका. डिस्टिल्ड पाणी शिसं खातं, आणि ती भुकटी विषारी असते. पोरांच्या हाती देऊ नका, स्वतःचे हात साबणानं धुवा. लाकडी पेटीतही ते ठेवू नका.

शेतात, पायाच्या खोदाईत पुरलेली नाणी सापडली, तर धुण्याच्या भानगडीतच पडू नका. 1878 च्या निखात निधी कायद्यानं दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं. तेरमध्ये रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. गावची जुनी चीजवस्तू त्यांनी आयुष्यभर जपून ठेवली म्हणून ते उभं राहिलं. नाण्याच्या अंगावरची माती आणि सापडल्याची जागा, दोन्ही अभ्यासकाला हवी असतात. तेव्हा नाणं आहे तसं कागदात गुंडाळा आणि वर पेन्सिलीनं लिहा : गाव, गट नंबर, किती खोल, सोबत काय होतं, तारीख.