घरोब्याच्या गोष्टी : आमराईंतील वनभोजन

शाळांना सुटी लागली, लेकी-नाती माहेरीं आल्या, मुंबई-पुण्याकडील भावंडें जमलीं, कीं आमच्या खानदेशांत घरोघर एकच विषय निघतो : यंदां मळ्यांत बट्ट्या केव्हां करावयाच्या? कार्तिकांतील आंवळीभोजन परंपरेनें नेमून दिलेलें आहे. वैशाखांतील हें वनभोजन मात्र केवळ सुटीनें आणि आंब्यांनीं नेमलेलें. म्हणून त्याचा विधि कोणी लिहून ठेवलेला नाहीं. ज्याला जसें सुचेल तसें तो करतो. आम्हीही कित्येक वर्षें तसेंच करीत होतों.

चार वर्षांपूर्वीं आमच्या मळ्यांत पंचवीस पानें होतीं. भर दुपारची वेळ. आम्ही पुरुषमंडळी आंब्याच्या गार सावलींत बसलों होतों आणि तिसऱ्यांदा रस वाढण्याचा आग्रह चालला होता. इतक्यांत वीस पावलांवर, निखाऱ्यांतून बट्ट्या काढतां काढतां, आमची धाकटी सून चक्कर येऊन पडली. सुदैवानें ती विस्तवाच्या उलट बाजूस पडली. तिला सावलींत निजविलें, पाय किंचित् उंच ठेवले, ओल्या पंचानें अंग पुसलें. नीट शुद्धीवर आल्यावर मीठ-साखरेचें पाणी दिलें. तासाभरांत तिला बरें वाटलें. तेव्हां आमची नात म्हणाली, "आबा, मामीनें सकाळपासून कांहींच खाल्लें नव्हतें. तुमचीं सगळ्यांचीं जेवणें व्हायचीं होतीं ना!" पोरीच्या बोलण्यांत दोष देण्याचा हेतु नव्हता, पण जन्मभर दुसऱ्यांच्या मुलांच्या चुका तांबड्या शाईनें दाखविणाऱ्या आम्हांस ही घरची चूक कधीं दिसलीच नव्हती.

त्या रात्रीं आम्ही मनुस्मृतीचा तिसरा अध्याय काढला. नवविवाहित वधू, कुमारिका, रोगी व गर्भिणी ह्यांना अतिथींच्याही आधीं जेवूं घालावें, असें तेथें सांगितलें आहे. आणि सर्वांचें, सेवकांचेंही, झाल्यावर उरेल तें दंपतीनें खावें. दंपतीनें म्हणजे दोघांनीं! त्यांतील पत्नीच्या वांट्याचा नियम तेवढा आम्हीं पाळला, आपल्या वांट्याचा सोयीनें विसरलों. ह्या ग्रंथांतील सगळींच वचनें आज शिरोधार्य नाहींत, हें आम्ही जाणतों. पण हें वचन तरी पुरें पाळावें. तेव्हांपासून आम्ही जी व्यवस्था ठेवतों, ती वाचकांच्या उपयोगीं पडेल म्हणून देत आहों.

पहिली गोष्ट वेळेची. जळगांव-भुसावळकडे मे महिन्यांत पारा ४२ अंशांवर सहज जातो. अशा दुपारीं उघड्यावर विस्तव पेटविणें हें धाडस नव्हे, अविचार आहे. कालिदासानें ऋतुसंहाराचा आरंभ ग्रीष्मानेंच केला, आणि त्या ऋतूंत हवीहवीशीं वाटणारीं म्हणून सायंकाळ व चंद्र हींच सांगितलीं. शुद्ध पक्षांतील दशमीपासून पौर्णिमेपर्यंतचा दिवस धरावा. पांच वाजतां विस्तव पेटवावा, आठाच्या सुमारास पानें मांडावीं.

जागा झाडाच्या पसाऱ्याबाहेरची, मोकळ्या मातीची असावी. पाचोळा दूर लोटून भोंवतीं पाणी शिंपडावें, दोन बादल्या भरून जवळ ठेवाव्या. वारा सुटला असेल तर बेत सरळ पुढें ढकलावा. विस्तवाजवळ सुती कपडेच हवेत. निघतांना राखेंत पाणी ओतून ती काठीनें ढवळावी, व पुन्हां पाणी ओतावें.

वीस मंडळींस जाडसर दळलेलें गव्हाचें पीठ अडीच किलो व तुरीची डाळ एक किलो पुरते. पिठास किलोमागें अर्धी वाटी तेलाचें मोहन, मीठ आणि ओवा घालून तें घट्ट भिजवावें. ज्वाळा पूर्ण शमून गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर पांढुरकी राख चढली, म्हणजेच बट्ट्या घालाव्या. घाई केल्यास वरून करपतात व आंत कच्च्या राहतात. अर्धा-पाऊण तास फिरवीत राहून एक फोडून पाहावी. मग फडक्यानें राख झटकून, बट्टी कुसकरून, वर तूप आणि ऊन वरण. जोडीस काकडीची कोशिंबीर पुरे; पदार्थांची गर्दी नको.

रस घरून काढून नेऊं नये. आंबे गार पाण्यांत भिजत घालून न्यावे व पानें मांडल्यावर रस काढावा. पितळेचें भांडें असल्यास कल्हई पाहून घ्यावी, नाहीं तर आंबट पदार्थ कळकतो. पारा ३२ अंशांवर असतां शिजलेलें अन्न तासाभराहून अधिक तसेंच राहूं देऊं नये. उरलेलें घरीं नेण्याचा मोह नको. एक लिटर स्वच्छ पाण्यांत सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्यानें मोजून, घातलेलें पाणी तयार असावें. उन्हानें कोणी असंबद्ध बोलूं लागलें किंवा अंग भाजूं लागलें, तर मात्र घरगुती उपायांत वेळ न दवडतां अंगावर पाणी ओतीत थेट रुग्णालयांत न्यावें.

आतां मुख्य गोष्ट. विस्तव, बट्ट्या, वाढणें आणि भांडीं घांसणें हीं कामें पुरुषांनीं करावीं. पहिल्या पंक्तीस मुलें, वृद्ध माणसें आणि घरांतील यच्चयावत् स्त्रिया बसाव्या, यजमान शेवटीं. आमच्या कुटुंबास पहिल्या वर्षीं हें जमेना, "वरणांत मीठ पडलें का?" म्हणून त्या तीनदां पानावरून उठल्या. गेल्या वर्षीं मात्र त्या शेवटपर्यंत बसल्या, आणि मुलानें भाजलेली बट्टी मागून घेऊन म्हणाल्या, "ऊन बट्टी अशी लागते होय!" चाळीस वर्षांच्या संसारांत ही चव आमच्याकडून त्यांस पोंचली नव्हती, हें ऐकून आम्हांस काय वाटलें तें लिहीत नाहीं.

असो. आमच्या वांट्यास त्या रात्रीं दोन करपलेल्या बट्ट्या व तळचें वरण उरलें होतें. तें आम्ही चांदण्यांत बसून खाल्लें, आणि तें गोड लागलें. पुरुषवाचकांनीं ह्या सुटींत एकदां अनुभव घेऊन पाहावा.