नोंदवहीत नसलेला रुग्ण

सरकारी दवाखान्यातल्या औषधांचा विषय निघाला की चर्चा दोनच वाटांनी जाते. एक, निधी नाही. दोन, खरेदीत पैसे खाल्ले. दोन्ही गोष्टी अनेक ठिकाणी खऱ्याही असतात. पण तिसऱ्या गोष्टीवर कोणी बोलत नाही, कारण ती कंटाळवाणी आहे. ती म्हणजे औषधभांडारातली साठा नोंदवही. मराठवाड्यातल्या एका सरकारी रुग्णालयाच्या भांडारात मी कंत्राटी फार्मासिस्ट म्हणून काम केले आहे. आपल्या वस्त्यांवरचा एक मोठा अन्याय याच नोंदवहीत, कुणालाही न दिसता घडतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही नोंदवही कशी चालते ते आधी पाहू. प्रत्येक औषधाला एक पान असते. आवक, वाटप, शिल्लक, बॅच क्रमांक, मुदत संपण्याची तारीख. ज्याची मुदत आधी संपते ते आधी बाहेर काढायचे, हा पहिला नियम. दुसरा नियम मागणीचा. समजा एक गोळी महिन्याला ३,००० लागते, मागणी गेल्यापासून माल यायला ३ महिने लागतात आणि १ महिन्याचा साठा राखून ठेवायचा आहे. म्हणजे १२,००० गोळ्या उरल्या की नवी मागणी गेलीच पाहिजे. हा हिशेब शाळेतल्या पोरालाही जमेल.

गोम पुढे आहे. माल वेळेवर आला नाही आणि ४ महिने ती गोळी नव्हतीच, असे धरा. खिडकीवर आलेल्या प्रत्येकाला ‘बाहेरून आणा’ची चिठ्ठी मिळाली. वर्षाअखेरीस नोंदवहीत वाटप दिसते २४,०००. खरी गरज होती ३६,०००. पुढच्या वर्षाची मागणी मागच्या वर्षीच्या वाटपावरून ठरवली, तर ती २४,००० च्या आसपासच जाते. मग गोळी आणखी लवकर संपते. रिकाम्या हाताने परतलेल्या माणसासाठी नोंदवहीत रकानाच नाही. त्यामुळे एका वर्षाची टंचाई दुसऱ्या वर्षाची टंचाई जन्माला घालते आणि कागदावर मात्र मागणी-पुरवठा जुळलेला दिसतो.

हा परतलेला माणूस कोण? ज्याच्याकडे पैसे आहेत तो आधीच खासगी दवाखान्यात गेलेला असतो. खिडकीवर उरतात ऊसतोड करणारे, सफाई करणारे, वीटभट्टीवरचे, म्हणजे तुमचे-माझे आईबाप. आपल्या देशात लोक उपचारांवर स्वतःच्या खिशातून जो खर्च करतात, त्यात सर्वांत मोठा वाटा औषधांचा असतो. ती चिठ्ठी म्हणजे गरिबावर लावलेला करच, फक्त त्याची पावती मिळत नाही.

नांदेड आठवा. ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३ या दिवसांत डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले; त्यांत १२ नवजात बालके होती. औषधटंचाईचा आरोप झाला, सरकारने तो नाकारला. पण पार्श्वभूमी सर्वांसमोर होती. २०१७ पासून राज्याची औषधखरेदी हाफकिन महामंडळाकडे होती. ती काढून २०२३ च्या कायद्याने नवे वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन केले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा या प्राधिकरणाला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारीसुद्धा नाही, हे समोर आले.

आणि शिक्षा कुणाला झाली? हिंगोलीचे तेव्हाचे खासदार हेमंत पाटील यांनी कॅमेऱ्यांसमोर रुग्णालयाच्या प्रभारी अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावले. ते अधिष्ठाता आदिवासी समाजातले. पुढे खासदारांवर अॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हाही नोंदवला गेला. खरेदीचे निर्णय मुंबईत होतात, झाडू मात्र नांदेडमध्ये एका आदिवासी डॉक्टरच्या हातात दिला जातो. जबाबदारी वरून खाली ढकलण्याची ही वाट जातीच्या उतरंडीवरूनच जाते.

हे फक्त महाराष्ट्राचे नाही. उत्तर प्रदेशातल्या झाशी जिल्ह्यात मऊरानीपुर हे तालुक्याचे ठिकाण आहे. तिथला विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. अशा गावांसाठी मोठे सरकारी रुग्णालय म्हणजे झाशीचे महाराणी लक्ष्मीबाई मेडिकल कॉलेज. १५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री तिथल्या नवजात अतिदक्षता विभागात आग लागली आणि १० बाळे गेली. अग्निशामक सिलिंडरांची मुदत संपली होती अशा बातम्या आल्या. प्रशासनाने त्या फेटाळल्या. गोळी असो की सिलिंडर, मुदतीची तारीख हा साठा नोंदवहीतलाच रकाना आहे. ती नोंदवही लोकांना रोज पाहता आली असती, तर खरे-खोटे करायला दुर्घटनेची वाट पाहावी लागली नसती.

उपाय अशक्य नाहीत. तामिळनाडूने १९९४ मध्ये वैद्यकीय सेवा महामंडळ काढले, जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामे उभारली आणि प्रत्येक रुग्णालयाला पासबुक दिले. आपल्या वाट्याचे किती उचलले आणि किती उरले, हे रुग्णालयाला त्यातून कळते. राजस्थानने त्याच धर्तीवर २ ऑक्टोबर २०११ पासून मोफत औषध योजना सुरू केली. आपल्याकडेही ई-औषधी संगणक प्रणाली आहे. पण परतलेल्या रुग्णाचा रकाना नसेल, तर संगणकही तीच अर्धी गोष्ट जास्त वेगाने सांगेल.

म्हणून मागणी साधी हवी. प्रत्येक सरकारी दवाखान्यात ‘न दिलेल्या औषधांची’ नोंद सक्तीची करा आणि पुढच्या वर्षीची मागणी त्या नोंदीवरून ठरवा. शिल्लक साठा रोज खिडकीबाहेरच्या फलकावर लिहा.

जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कुलकर्ण्यांच्या दप्तरातली लबाडी उघडी पाडली, कारण दप्तर ज्याच्या हातात, सत्ता त्याच्या हातात, हे त्यांनी ओळखले होते. आपल्या घरात आता पहिल्यांदाच दप्तर वाचणारी माणसे आली आहेत. बी.कॉम. झालेल्याला शिल्लक पडताळता येते, बी.फार्म. झालेल्याला मुदत तपासता येते, वकिली शिकणाऱ्याला अर्ज लिहिता येतो. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात नुसती माहितीच नव्हे, तर कागदपत्रे प्रत्यक्ष पाहण्याचाही हक्क आहे. तालुक्याच्या दवाखान्यात रुग्ण कल्याण समिती असते. तिच्या बैठकीत औषधांचा प्रश्न लेखी मांडा.

आणि तोवर एक काम उद्यापासून करता येईल. वस्तीत ज्याला ज्याला ‘बाहेरून आणा’ची चिठ्ठी मिळाली, त्याची तारीख, औषधाचे नाव आणि लागलेला खर्च एका वहीत लिहून ठेवा. सहा महिन्यांनी ती वही आणि दवाखान्याची नोंदवही शेजारी शेजारी ठेवा. मग अधिकाऱ्याला ‘टंचाई नव्हती’ असे म्हणता येणार नाही.