आधी नक्कल, मग दुरुस्ती



निकालाचे दिवस आले की अमरावती असो की अकोला, शाळाशाळांत एक वाक्य हमखास कानावर पडतं : "सर, पेनड्राइव्ह उघडून नाही राह्यला." कॉम्प्युटरच्या पडद्यावर संदेश येतो, ड्राइव्हमध्ये अडचण आहे, तपासून दुरुस्त करायची का? कधी त्याहून कठीण संदेश येतो, ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. पोर्टलवर माहिती भरायची शेवटची तारीख उद्यावर आलेली असते. मागून कोणीतरी म्हणतं, "काहून थांबले? 'हो' दाबा ना!"

माझं मत असं, की तिथं 'हो' दाबण्याआधी थांबलंच पाहिजे. दुरुस्ती म्हणजे जुन्या नोंदीवर नवी नोंद लिहिणं. ती चुकली तर जुनी नोंदही गेली. म्हणून आधी नक्कल, मग दुरुस्ती हा नियम प्रत्येक शाळेनं पाळावा आणि आठवी-नववीच्या मुलांनाही शिकवावा. का, ते सविस्तर सांगतो.

बिघडतं नेमकं काय?

पेनड्राइव्हमध्ये दोन प्रकारची माहिती असते. एक आपली : निकालपत्रकं, सहलीचे फोटो, मुलांच्या कविता-गायनाचे व्हिडिओ. दुसरी या माहितीविषयीची : फाइलचं नाव, तारीख, आकार आणि ती कोणकोणत्या कप्प्यांत ठेवली आहे याची यादी. या दुसऱ्या माहितीला मेटाडेटा म्हणतात आणि ती ठेवायच्या पद्धतीला फाइल सिस्टीम.

आपल्या भाषेत सांगायचं तर फाइल म्हणजे वर्गातली मुलं आणि मेटाडेटा म्हणजे जनरल रजिस्टर. रजिस्टरचं पान फाटलं म्हणून मुलं शाळेतून नाहीशी होत नाहीत. पण कोण कोणत्या वर्गात, हे ऑफिसला सांगता येत नाही. पेनड्राइव्ह 'कोरा' दिसतो तेव्हा बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. फोटो जागेवर असतात, पत्ता हरवलेला असतो. आणि 'क्विक फॉरमॅट' म्हणजे जुनं रजिस्टर बाजूला सारून नवं कोरं रजिस्टर उघडणं. त्यानंतर नव्या फाइली टाकल्या की त्या जुन्या मुलांच्या बाकांवर जाऊन बसतात. खरं नुकसान तिथं होतं.

हे बिघडतं कशानं? एक फाइल लिहिताना कॉम्प्युटर तीन-चार ठिकाणी लिहितो : प्रत्यक्ष मजकूर, कप्प्यांची यादी, फाइलचं नाव आणि आकार. मधेच पेनड्राइव्ह ओढला किंवा लाइन गेली की काही ठिकाणी नवी नोंद आणि काही ठिकाणी जुनी, अशी अवस्था होते. विंडोजची एनटीएफएस आणि लिनक्सची ईएक्सटी-फोर या पद्धती त्यासाठी एक कच्ची वही ठेवतात. काय बदलणार ते आधी वहीत, मग पक्क्या जागी. या वहीला जर्नल म्हणतात. पण आपल्या पेनड्राइव्हवर आणि मेमरी कार्डवर बहुधा फॅट-३२ किंवा एक्सफॅट असते, आणि या दोन्हींत अशी कच्ची वही नसते. फॅट-३२ मध्ये कप्प्यांच्या यादीच्या सहसा दोन प्रती तरी असतात, एक्सफॅटमध्ये सहसा एकच. म्हणजे आपण ज्या वस्तूवर सगळ्यात जास्त भरवसा ठेवतो, तीच सगळ्यात नाजूक आहे.

फळ्यावरचा एक उपक्रम

दुरुस्ती करणारा प्रोग्राम काय करतो, हे मुलांना फळ्यावर छान दाखवता येतं. फळ्यावर दहा चौकोन काढा आणि त्यांना क्रमांक द्या. प्रत्येक चौकोनात पुढच्या चौकोनाचा क्रमांक लिहायचा, शेवटच्या चौकोनात 'संपलं' लिहायचं.

'सहल' नावाची फाइल २ मध्ये सुरू होते, तिथून ५, तिथून ७, संपलं. 'निकाल' नावाची फाइल ३ मध्ये सुरू होते, तिथून ४, तिथून ८, संपलं. आता मुलांना डोळे मिटायला सांगा आणि चौथ्या चौकोनातला ८ पुसून तिथं ७ लिहा. डोळे उघडल्यावर विचारा, काय बिघडलं?

मुलं लगेच ओळखतात. सातव्या चौकोनावर दोन फाइली हक्क सांगतात आणि आठवा चौकोन बेवारस पडला आहे. आता म्हणा, "दुरुस्त करा." एक गट म्हणेल, सातवा कप्पा दोघींनाही एकेक प्रत करून द्या. दुसरा म्हणेल, निकाल चौथ्या कप्प्यातच संपवा. तिसरा म्हणेल, चार आठला जोडा. तिन्ही उत्तरांनी फळ्यावरचा गोंधळ मिटतो. पण निकाल पूर्ण परत येतो तो एकाच उत्तरानं, आणि ते कोणतं हे नुसते क्रमांक पाहून खात्रीनं सांगता येत नाही. कप्पा उघडून आत काय आहे ते पाहावं लागतं.

एवढी एक गोष्ट मुलांना कळली तरी तास सार्थकी लागला. नोंदी एकमेकींशी जुळणं वेगळं आणि नोंदी खऱ्या असणं वेगळं. दुरुस्तीचा प्रोग्राम पहिल्या गोष्टीची हमी देतो, दुसरीची नाही. 'आता कोणतीही त्रुटी नाही' असा संदेश आला तरी त्याचा अर्थ यादी जुळली एवढाच. बेवारस कप्पे तो एका वेगळ्या फोल्डरमध्ये टाकतो. विंडोजवर त्या फोल्डरच्या नावात 'फाउंड' असतं, लिनक्सवर 'लॉस्ट अँड फाउंड'. आतल्या फाइलींना नावाऐवजी नुसते क्रमांक असतात. ते फोल्डर पुष्कळजण कचरा समजून पुसून टाकतात. निकालाचा हरवलेला तुकडा नेमका त्यातच असू शकतो.

शहाणा प्रोग्राम कुठं थांबतो

लिनक्समध्ये ईएक्सटी-फोर तपासणारा जो प्रोग्राम आहे, त्याच्या तीन रीती मला शिकवण्याच्या दृष्टीनं फार मोलाच्या वाटतात. पहिली रीत : फक्त वाचायचं, काहीही बदलायचं नाही, दोष सांगायचे. दुसरी रीत : ज्या दुरुस्तीबद्दल शंका नाही तेवढीच करायची आणि शंकेची जागा आली की काम थांबवून माणसाला बोलवायचं. तिसरी रीत : प्रत्येक प्रश्नाला आपोआप 'हो' म्हणायचं. काम संपल्यावर तो एक आकडाही देतो. ० म्हणजे दोष नव्हता, १ म्हणजे दोष दुरुस्त झाले, ४ म्हणजे काही दोष तसेच राहिले, ८ म्हणजे तपासणीच नीट होऊ शकली नाही.

बघा, 'मला हे जमलं नाही' असं स्पष्ट सांगणं हा त्या प्रोग्रामच्या कामाचाच भाग आहे. आपण मात्र घाईत तिसरी रीत निवडतो आणि शेवटचा आकडा वाचतही नाही.

विंडोजचा चेकडिस्कही तसाच. दुरुस्तीची जास्तीची सूचना न देता चालवला तर तो फक्त तपासतो, लिहीत नाही. ही सोय फुकटात हाताशी आहे, पण वापरणारे थोडे.

दुरुस्ती चालू असताना लाइन गेली तर?

आपल्याकडं हा प्रश्न टाळता येत नाही. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा ४५ च्या पलीकडं जातो, आणि खेड्यातल्या शाळेत लाइन कधी जाईल याचा नेम नसतो. पण हे फक्त आपलंच दुखणं नाही. जानेवारी २०१६ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासच्या एका मोठ्या संगणक केंद्रात वीज गेली आणि फाइल सिस्टीम बिघडली. दुरुस्ती सुरू केली, तर ती चालू असतानाच पुन्हा वीज गेली. मोठ्या प्रमाणावर माहिती गमावली गेली.

त्यावरून न्यू मेक्सिको स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी अभ्यास केला आणि २०१८ मध्ये तो मांडला. दुरुस्ती अर्ध्यात तुटली तर मूळ बिघाडापेक्षा मोठा आणि पुन्हा न सुधारता येणारा बिघाड होऊ शकतो, हे त्यांनी प्रयोगानं दाखवलं. लिनक्सच्या त्या प्रोग्राममध्ये जुनी नोंद वेगळ्या फाइलमध्ये जपून मग बदल करायची सोय आहे. पण वीज जाण्याच्या प्रसंगी त्या सोयीवरही पूर्ण भिस्त ठेवता येत नाही, असं त्यांना दिसलं. म्हणजे प्रोग्राम कितीही हुशार असो, वेगळ्या डिस्कवरच्या नकलेची जागा तो घेऊ शकत नाही.

आपल्याला हे माहीतच आहे

जनरल रजिस्टरमध्ये मुलाचं नाव, जात किंवा जन्मतारीख चुकली तर आपण काय करतो? व्हाइटनर लावत नाही. पालकांचा अर्ज, पुरावे, शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी, आणि मगच दुरुस्ती. तीही अशी की जुनी नोंद वाचता आली पाहिजे आणि बाजूला आदेशाचा क्रमांक व सही पाहिजे. कारण त्या एका ओळीवर मुलाची पुढची कागदपत्रं उभी राहतात. कागदाच्या रजिस्टरला आपण एवढं जपतो, तर कॉम्प्युटरमधल्या रजिस्टरला एका क्लिकवर का सोडून द्यायचं?

आणखी जुनं उदाहरण आपल्याच अमरावती जिल्ह्यातलं आहे. तेराव्या शतकात रिद्धपूरला म्हाइंभटांनी श्रीचक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केलं. पुढं परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली. मग अनुयायांनी आठवणीतून ग्रंथ पुन्हा उभा केला. आठवणी सगळ्यांच्या सारख्या नव्हत्या, म्हणून वेगवेगळे पाठ तयार झाले, आणि ते पाठभेद परंपरेनं जपले. हिराइसेचा पाठ आजही तिच्या नावानं ओळखला जातो. एकच पाठ ठेवून बाकीचे पुसले असते तर ग्रंथ वरवर नीटनेटका दिसला असता, पण अभ्यासकांच्या हाती ताडून पाहायला काही उरलं नसतं. खात्री नसेल तिथं जुनं पुसू नये, एवढं शहाणपण आपल्या मातीत आधीपासून आहे.

शाळेत काय करावं

१. आधी थांबा. बिघडलेल्या पेनड्राइव्हवर नवं काही लिहू नका, फॉरमॅट करू नका.

२. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल किंवा ड्राइव्ह सारखा दिसेनासा होत असेल, तर बिघाड यंत्रात आहे. तिथं दुरुस्तीचा प्रोग्राम चालवू नका. बंद करा आणि जाणकाराकडं द्या. प्रत्येक नव्या प्रयत्नात ती आणखी झिजते.

३. फाइली उघडत असतील तर आधी दुसरीकडं उतरवून घ्या. उघडत नसतील तर पूर्ण ड्राइव्हची जशीच्या तशी नक्कल काढा. जीएनयू डीडीरेस्क्यू हा मोफत प्रोग्राम आधी नीट वाचता येणारा भाग उचलतो, खराब जागांकडं नंतर वळतो आणि काय वाचता आलं नाही याची नोंद ठेवतो. मूळ कोणतं आणि नक्कल कुठं जाणार, हे दोघांनी मिळून तपासा. दिशा उलटी झाली तर सगळंच जाईल.

४. दुरुस्ती नकलेच्याही नकलेवर करा. टेस्टडिस्क, फोटोरेकसारखे मोफत प्रोग्राम वापरले तर सापडलेल्या फाइली वेगळ्या डिस्कवरच ठेवा.

५. हे काम चार्ज केलेल्या लॅपटॉपवर किंवा यूपीएसवर करा.

६. शेवटी फाइली एकेक करून उघडून पाहा. काय मिळालं, काय गेलं, हे तारखेसह वहीत लिहा. गेलं ते 'गेलं' असंच लिहा.

"एवढा वेळ कोणाकडं आहे सर?" असं काहीजण म्हणतील. हिशेब करू. १६ जीबीचा पेनड्राइव्ह सेकंदाला २० एमबी या वेगानं वाचला तर पूर्ण नकलेला तेरा-चौदा मिनिटं लागतात. बिघडलेल्याला जास्त लागतील हे खरं. पण चाळीस मुलांचे वर्षभराचे गुण पुन्हा गोळा करायला किती दिवस लागतात, ते वर्गशिक्षकांना विचारा. आणि पाच वर्षांपूर्वीच्या स्नेहसंमेलनात गायलेल्या मुलीचा आवाज तर परत गोळाही करता येत नाही.

दुसरे म्हणतील, "आता सगळं ऑनलाइन असते." पोर्टलवर असतं ते पोर्टलपुरतं. मुलांनी केलेलं काम, जुने फोटो, शाळेचा इतिहास अजून कपाटातल्या पेनड्राइव्हवर आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवरच आहे. शिवाय आपोआप जुळवून घेणाऱ्या ऑनलाइन फोल्डरमध्ये खराब झालेली फाइलही तितक्याच इमानानं वर चढते.

पालकांनाही सांगणं आहे. घरच्या मोबाइलचं मेमरी कार्ड 'दुरुस्त करू का' असं विचारू लागलं तर मुलांना लगेच 'हो' दाबू देऊ नका. आधी आतलं काय वाचतंय ते दुसरीकडं घ्यायला शिकवा. नव्या सत्रात शाळेला एक स्वतंत्र हार्ड डिस्क लोकसहभागातून मिळाली, तिची जबाबदारी एका शिक्षकाकडं दिली आणि महिन्यातून एकदा नक्कल काढायचा दिवस वेळापत्रकात लिहिला, तर यातले निम्मे प्रसंग येणारच नाहीत. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय जरूर मांडा.