राग आल्यावर कुणी गातं का?

मुलांनो, परवा वर्गात मी जुन्या संगीत नाटकांतली काही पदं ऐकवली. मध्येच एका पठ्ठ्यानं हात वर केला. "बाई, राग आल्यावर कुणी गातं का? माणूस ओरडतो!" सगळा वर्ग खो खो हसला. मलाही हसू आलं, आणि खरं सांगू? उत्तर काही पटकन सुचलं नाही.

मुंबईत गिरगावजवळ ऑपेरा हाऊस नावाचं नाट्यगृह आहे. १९११ साली पंचम जॉर्ज राजाच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. पुढे बरीच वर्षं ते बंद होतं, २०१६ साली पुन्हा उघडलं. ऑपेरा म्हणजे गाण्यातलं नाटक. चारशे वर्षांपूर्वी इटलीत ते जन्माला आलं. माँटेव्हर्दी या संगीतकाराचा 'ऑर्फिओ' १६०७ सालचा. बऱ्याच ऑपेरांत पात्रं सगळंच गातात, अगदी "दार उघड" हेसुद्धा!

आपलं तसं नाही. आपली पात्रं बोलता बोलता गातात. आणि ही गंमत सुरू झाली आपल्या पुण्यात! ३१ ऑक्टोबर १८८० या दिवशी आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल' रंगमंचावर आणलं. त्याआधीच्या नाटकांत गाणी बहुतेक सूत्रधारच म्हणायचा. अण्णासाहेबांनी ती पात्रांच्या तोंडी दिली. चालीही लोकांच्या ओळखीच्या घेतल्या: साकी, दिंडी, लावणी.

त्या दिवशी पहिले चारच अंक झाले. चौथ्या अंकात काय आहे, ठाऊक आहे? शकुंतला सासरी निघते. तिला लहानाची मोठी करणारे कण्व ऋषी, एवढे तपस्वी, पण त्यांचाही गळा दाटून येतो. आता अशा वेळी नुसतं "नीट जा हं" म्हणून भागेल का?

मला आमच्याच वर्गातली गोष्ट आठवली. वडिलांची बदली झाली म्हणून एक मुलगी शाळा सोडून निघाली होती. "तिच्याबद्दल दोन शब्द बोला," असं मी म्हटलं, तर एकजण उठेल तर शपथ! सगळे खाली बघत बसले. मग मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच आमची रोजची प्रार्थना सुरू केली. बघता बघता सगळा वर्ग गाऊ लागला. ती मुलगीसुद्धा, डोळे पुसत पुसत.

हे मी त्या पठ्ठ्याला सांगितलं. (मागच्या बाकावरून सुरुवात करणारा तोच होता, पण ते मी वर्गात बोलले नाही.) तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "ते पटलं बाई. पण तीच ओळ चार-चार वेळा कशाला?"

अरे, तिथंच तर गायकाची कसोटी! तेच शब्द, पण प्रत्येक वेळी सूर निराळा. बालगंधर्वांच्या काळी एखादं पद आवडलं, की प्रेक्षक "वन्स मोअर" ओरडायचे आणि नट ते पुन्हा गायचा. नाटक पहाटेपर्यंत लांबायचं. सुरुवातीच्या काळात तर माईकही नव्हता. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा तो छातीच्या जोरावर!

"पहाटेपर्यंत? मग दुसऱ्या दिवशी शाळा?" पठ्ठ्यानं लगेच विचारलं.