औंढ्याची मोजपट्टी

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मान्यता दिली. खर्च सुमारे २,६०० कोटी रुपये. ज्या मराठवाड्यात दुष्काळी वर्षी गावेच्या गावे टँकरची वाट पाहतात, तेथे हा खर्च कशासाठी, हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हे. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला तर तो टाळताच येत नाही.

या वेधशाळेचे मुख्य यंत्र म्हणजे प्रकाशीय व्यतिकरणमापी. एकच प्रकाशकिरण दुभंगून चार-चार किलोमीटरच्या दोन काटकोनी भुजांतून धाडावयाचा आणि परतल्यावर पुन्हा एकत्र आणावयाचा. एका भुजेची लांबी किंचित जरी बदलली, तरी दोन लहरींचा मेळ बिघडतो व प्रकाशाची तीव्रता बदलते. अमेरिकेतील अशाच दोन यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी प्रोटॉनच्या व्यासाच्या शतांशाहूनही सूक्ष्म बदल टिपला.

मायकेलसन व मोर्ले यांनी १८८७ मध्ये याच तत्त्वाने ईथरचा शोध घेतला. हाती शून्य लागले. त्या वर्षीच्या जमाखर्चात तो प्रयोग बुडीत खातीच पडला असता! परंतु विमानाचे वळण मोजणारे प्रकाशीय जायरोस्कोप आज याच तत्त्वावर चालतात, आणि काचतंतूंतून संदेश धाडताना प्रकाशाची उघडझाप करणारे मॉड्युलेटरही.

तेव्हा रोजगाराचे आकडे फुगवून या प्रकल्पाचे समर्थन करू नये. आरसे घडविणे, निर्वात नळ्या जोडणे, कंप रोखणे ही विद्या हिंगोली, परभणी, नांदेडच्या महाविद्यालयांत व तंत्रनिकेतनांत उतरते की नाही, हे पाहावे. त्यासाठी तेथील प्रयोगशाळांना स्वतंत्र तरतूद विद्यापीठांनी आताच मागावयास हवी.